दोनशिक्षकी शाळेत चित्रकला आणि संगीत कसे शिकवावे?

येरळाकाठ

तासगाव तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. पट ३१ चा. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या दोन तासिका कलेसाठी ठेवल्या आहेत आणि त्या मी कधी गणिताला किंवा माहिती भरण्याच्या कामाला दिलेल्या नाहीत; पण त्या दोन तासिकांत नेमके काय करावे, हे मला अजून नीट उमगलेले नाही. चित्रकलेचे किंवा संगीताचे शिक्षण मी घेतलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट १०० च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला ती नाही. म्हणजे आमच्या शाळेत जे काही व्हायचे ते वर्गशिक्षकाच्याच हातून व्हायचे.

अडचण अशी आहे की फळ्यावर घर काढून दिले तर सगळ्यांच्या वह्यांत तेच घर उतरते, आणि काहीच न देता कोरा कागद दिला तर निम्मी मुले "गुरुजी, काय काढू?" म्हणत बसून राहतात. गाण्याच्या नावाखाली परिपाठातली प्रार्थना आणि समूहगीत एवढेच होते, तेही मुले ओरडून म्हणतात.

गेल्या शनिवारी तिसरीतल्या एका मुलीने घरची गाभण गाय काढली आणि तिच्या पोटात वासरूही काढले, चार पायांवर उभे, शेपटीसकट. शेजारचा मुलगा हसला. "पोटातलं कुठं दिसतंय व्हय?" असे तो म्हणताच तिने खोडरबर उचलले. मी तिचा हात धरून "राहू दे" म्हटले खरे, पण का राहू द्यायचे, हे मला दोघांनाही सांगता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पांडवगड

गुरुजी, तुम्ही तिचा हात धरलात हे फार चांगले केलेत. वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत २८ वर्षे चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो. पाचवीला आमच्याकडे येणारी मुले पाहिली की प्राथमिक शाळेत कोणाच्या चित्रावर खोडरबर फिरले आहे, हे मला पहिल्या आठवड्यात कळत असे. ती मुले कागदावर हात ठेवायलाच घाबरत.

सात ते नऊ वर्षांचे मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते. गाय गाभण आहे, हे त्या मुलीने घरात ऐकले आहे, मग वासरू चित्रात यायलाच हवे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ मध्ये बालचित्रांच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांत हे वय स्वतःच्या ठरावीक खुणा तयार करण्याचे मानले आहे. कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ येते आणि तिच्यावर माणसे, झाडे, घरे ओळीने उभी राहतात. घराची भिंत असूनही आतली चूल दिसते. रस्ता काढला तर दोन्ही कडांची झाडे दोन दिशांना आडवी पडलेली असतात, कारण मूल मनाने रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून दोन्हीकडे पाहत असते. या चुका नाहीत. त्या हसणाऱ्या मुलाला एवढेच सांगा की तिने गाईचे दिसणे काढले नाही, गाईची बातमी काढली आहे.

आता "काय काढू?" या प्रश्नाविषयी. मुलाला विषय देऊन भागत नाही, आधी त्याला काहीतरी आठवायला लावावे लागते. "गाय काढा" म्हटले की मुले गप्प होतात. "गाय बसलेली असते तेव्हा उठताना आधी पुढचे पाय उचलते की मागचे?" असे विचारून पाहा. वर्गात भांडण लागेल, दोघेतिघे जमिनीवर गाय होऊन उठून दाखवतील, कोणी तरी ठामपणे सांगेल की आधी मागचे. तेच बरोबर आहे. त्यानंतर कागद द्या आणि फळ्याकडे पाठ फिरवून बसा.

मला आयुष्यभर सलत आलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातले मूल 'निसर्गचित्र' म्हणून दोन त्रिकोणी डोंगर काढते, मधून सूर्य, खाली नदी, काठावर नारळ. वर्गाच्या खिडकीतून त्याला पांडवगड दिसतो, वैराटगड दिसतो, साताऱ्याच्या मुलाला अजिंक्यतारा दिसतो. यांतल्या एकाचाही माथा टोकदार नाही. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, म्हणून त्याचे माथे सपाट आणि कडे पायऱ्यांसारखे असतात. रोज समोर असलेला डोंगर सोडून मूल कुठल्या तरी छापील पुस्तकातला डोंगर काढते, कारण कोणीतरी एकदा तो फळ्यावर काढून दाखवलेला असतो.

कऱ्हाडचा_पालक

दोघांच्याही तळमळीविषयी आदर आहे, पण पालकाची बाजू मांडतो. माझा मुलगा चौथीत आहे. पुढच्या वर्षी नवोदयची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, जिल्ह्याला ८० जागा आणि बसणारी मुले हजारोंनी. ज्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, तिथे दोन तासिका चित्राला देणे परवडते का? ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले शिकवणीला जातात. गरिबाच्या मुलाला शाळेतला प्रत्येक तास भाषा आणि गणितासाठीच मिळायला हवा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कला पुढे माध्यमिकला शिकता येईल.

विश्रामबाग

दादा, तुमची काळजी समजते. पण त्याच परीक्षेच्या १०० गुणांपैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे आहेत आणि ते सगळे प्रश्न आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखणे, अर्धी आकृती पूर्ण करणे, आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. जे मूल हाताने कागद दुमडून कापत आले आहे, त्याला त्या शेवटच्या प्रश्नासाठी वेगळी शिकवणी लागत नाही.

पांडवगड

विश्रामबाग ताईंनी दिलेली माहिती बरोबर आहे, तरी चित्रकलेची वकिली गुणांच्या आधाराने करू नये, अशी माझी विनंती आहे. उद्या परीक्षेचे स्वरूप बदलले तर आपली तासिकाही त्याबरोबर जाईल. कऱ्हाडच्या दादांना मी वेगळे सांगेन. "पुढे माध्यमिकला शिकता येईल" असे तुम्ही म्हणता, पण साधारण नऊ-दहा वर्षांच्या सुमारास मूल स्वतःचे चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागते आणि "मला येत नाही" असे ठरवून टाकते. त्याआधी हात चाललेला नसेल, तर माध्यमिकला येणारे मूल चित्रकलेपासून सुटका शोधतच येते.

जवारी_मिरज

गाण्याविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. आमचे घर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आहे, घरचा व्यवसाय तंतुवाद्ये घडवण्याचा. मी मुलांना गाणे शिकवतो.

येरळाकाठ गुरुजी, तुमची मुले ओरडतात त्याची दोन कारणे असू शकतात. पहिले म्हणजे आपण त्यांना "जोरात म्हणा" असे सांगतो. जोर आणि सूर या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. दुसरे कारण पट्टीचे आहे. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीच्या पट्टीत, म्हणजे खाली, गाणे सुरू करतो. काही मुले त्याच्या खर्जाशी आवाज जुळवायला जाऊन घोगरी होतात, काही वरच्या सप्तकात पळतात आणि कड्यावर चढल्यासारखी किंचाळतात. सात-आठ वर्षांच्या मुलांना हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (पहिली पांढरी पट्टी) पांढरी सहापर्यंतचा (सहावी पांढरी पट्टी) पट्टा सहज झेपतो. गाणे निवडताना ते या पट्ट्यात बसते का, एवढे पाहिले तरी निम्मे ओरडणे थांबते. तुमचा आवाज तिथे पोचत नसेल, तर सूर धरणाऱ्या एखाद्या मुलीला सुरुवात करू द्या.

गायला लावण्याआधी ऐकायला लावा, ही माझी दुसरी विनंती. आमच्या दुकानात शाळेची मुले आली की मी त्यांना तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसवतो. तारा चारच: पंचम, दोन जोडाच्या आणि खर्ज. तार छेडल्यावर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा हळूच सरकवतो. धागा जागेवर नसेल तर आवाज मुका येतो. तो नेमक्या जागी आला की त्याच तारेतून मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा नाद पसरतो. तीच जवारी. एका मुलाने मला विचारले होते, "आत कोण गातंय?" त्याच्या कानाला तारेच्या सुरावर तरंगणारे वरचे स्वर स्पष्ट ऐकू आले होते. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे असतात, वर्षानुवर्षे वाळवलेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी तानपुरा जवळून पाहिलेला नाही. तुमची ३१ मुले घेऊन या, आम्हाला आनंद होईल.

विश्रामबाग

जवारी काका, एक शंका आहे. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला गाण्याच्या वर्गाला घातले तर सहा महिन्यांत 'प्रारंभिक' परीक्षेची तयारी सुरू झाली. आता ती घरी गात नाही, व्याख्या पाठ करते. स्वर म्हणजे काय, लय म्हणजे काय, हे ती घडाघडा सांगते, पण पूर्वी झोपाळ्यावर बसून स्वतःशीच गुणगुणायची ते बंद झाले. परीक्षा द्यावी की थांबावे?

जवारी_मिरज

ताई, दोष परीक्षेचा नाही, घाईचा आहे. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. सामान्य घरातल्या मुलांना एकत्र बसवून, क्रमिक पुस्तके आणि स्वरलिपी वापरून गाणे शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या शिष्यपरंपरेतून उभ्या राहिलेल्या मंडळाच्या परीक्षांनी गाणे घराघरांत नेले आहे, त्यामुळे त्यांना नावे ठेवणे मला पटणार नाही. मात्र आठव्या वर्षी सुराशी मैत्री व्हावी, व्याख्या दहाव्या वर्षी शिकल्या तरी चालतात. तुम्ही वर्ष-दोन वर्षे थांबा. ती झोपाळ्यावर पुन्हा गुणगुणू लागली की समजा, वेळ झाली.

पांडवगड

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांबाबतही माझा अनुभव असाच आहे. दहावीला अतिरिक्त गुण मिळतात म्हणून पालक तिसरी-चौथीपासूनच वस्तुचित्राची तयारी करून घेतात. त्या वयात मुलाला तांब्याच्या तोंडाचा लंबगोल शिकवू नये. तो त्याला दिसतच नाही, तो फक्त पाठ होतो.

माणदेश

या चर्चेचा धागा रोज वाचतो आहे. लिहावे की नाही, याचा विचार करत होतो.

माझे वडील हलगी वाजवीत. आटपाडी भागातल्या जत्रांमध्ये, मिरवणुकांमध्ये, धनगरांच्या गजीनृत्याच्या बाऱ्यांमध्येही. घरी मी चार वर्षांचा असल्यापासून पत्र्याच्या डब्यावर काड्या चालवत होतो. शाळेत मात्र संगीत म्हणजे प्रार्थना आणि पेटी एवढेच होते. तिसरीत असताना मी बाकावर ठेका धरला, म्हणून गुरुजींनी मला उभे केले आणि "हे तुझ्या घरी" असे म्हणाले. त्यांच्या मनात काय होते ते मला माहीत नाही, पण त्या दिवसानंतर शाळेत मी माझ्या बापाचे काम सांगायचे टाळले. आज मी नोकरीत आहे, हात अजून चालतो, पण माझ्या मुलाला ते शिकवताना मनात तो बाक येतो.

गुरुजी, तुम्ही बाहेरून मार्गदर्शन शोधता आहात. तुमच्या ३१ मुलांच्या घरांमध्ये आधी विचारा. कोणाच्या घरी हलगी असेल, कोणाच्या घरी संबळ, कोणाची आजी ओव्या म्हणत असेल, कोणाचे काका भजनात पखवाज वाजवत असतील. त्या माणसाला शाळेत बोलवा, मुलांसमोर खुर्ची द्या आणि "आज हे शिकवणार आहेत" एवढे म्हणा. त्या घरच्या मुलाला मिळेल ते कोणत्याही पुस्तकातून मिळणार नाही.

येरळाकाठ

माणदेश, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी आजवर कधी विचारले नव्हते. सोमवारी विचारतो.

कऱ्हाडचा_पालक

माणदेश यांचा प्रतिसाद रात्री पत्नीला वाचून दाखवला. नवोदयची चिंता अजून आहे, ती मी लपवत नाही, पण "कला नंतर" हे माझे म्हणणे मी मागे घेतो.

हादगा

मी कोरेगाव तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवते. साधनांसाठी पैसे नसतात, ही अडचण सगळीकडची आहे, म्हणून आमच्या शाळेत जे चालते ते सांगते.

आषाढात बेंदूर येतो तेव्हा मुले घरी मातीचे बैल करतातच, ते आम्ही वर्गात करतो. काळी माती चाळून, खडे काढून, आदल्या दिवशी भिजवून ठेवायची आणि कणकेसारखी मळायची. मुले आधी पोट करतात आणि चार पाय वेगळे करून चिकटवतात, ते वाळल्यावर गळून पडतात. दुसऱ्या वर्षी त्याच गोळ्यातून पाय चिमटीने ओढून काढायचे, हे त्यांना आपोआप सुचते. मी ते आधी सांगत नाही. गळून पडलेला पाय हाच चांगला शिक्षक आहे.

हस्त नक्षत्रात हादगा असतो. भिंतीवर हत्तींचे चित्र, त्याला माळा, भोवती फेर, गाणी आणि खिरापत ओळखणे. या गाण्यांच्या चाली तीन-चार स्वरांतच फिरतात आणि एकेक ओळ पुन्हा पुन्हा येते, म्हणून पहिलीचे मूलही दुसऱ्या दिवशी ती सुरात म्हणते. पूर्वी फेर मुलीच धरायच्या, आम्ही मुलांनाही घेतो. फेरात पाऊल चुकले की लय चुकली, हे पायालाच कळते. छापलेला हत्ती आम्ही आणत नाही. प्रत्येक मूल आपला हत्ती काढते आणि भिंतीवर सगळ्यांचे लागतात. एका वर्षी एका हत्तीला सहा पाय होते, कारण तो पळत होता.

रंगांसाठी गेरू, चुलीतला कोळसा, पालकाचा रस आणि हळद वापरा. सांगलीकडे हळदीला काय तोटा! हळदीत पाणी आणि थोडा बाभळीचा डिंक विरघळवून घातला की रंग कागदाला धरून राहतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो ना, तसाच या रंगावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला की पिवळ्याचा विटकरी तांबडा होतो. चुन्यानेही होतो, पण चुना मुलांच्या हातात देऊ नये.

विश्रामबाग

मूल्यमापनाचे काय करता? आमच्या शाळेत कलेच्या वहीवर लाल शाईने श्रेणी असते, चित्राच्या मधोमध.

हादगा

कलेला संकलित, म्हणजे सत्राअखेरची, परीक्षा नाही, सगळे आकारिकच, म्हणजे वर्षभर चालणारे मूल्यमापन, आहे, त्यामुळे चित्रावर काही लिहिण्याची गरजच नाही. मी नोंदवहीत एक वाक्य लिहिते: "रंग संपल्यावर शेजारच्याकडून मागून घेतला", "आज प्रथमच पूर्ण कागद वापरला", "गाताना टाळी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आली". वर्षाअखेरीस ती वाक्ये ओळीने वाचली की मूल कुठून कुठे आले ते दिसते.

पांडवगड

लाल शाई चित्राच्या मागेसुद्धा नको. पातळ कागदावर ती पुढे उमटते.

सहलीचे ठिकाण विचाराल तर औंधचे श्री भवानी संग्रहालय सुचवतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि १९३८ मध्ये त्यांनी डोंगराच्या वाटेवर हे संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आणि हेन्री मूरचे आई-मुलाचे शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पाहायला मिळते. एकाच दिवसात सगळी दालने दाखवू नका. एका चित्रासमोर सगळ्यांना खाली बसवा आणि दहा मिनिटे फक्त काय दिसते ते सांगू द्या.

येरळाकाठ

दीड महिन्याने लिहितो आहे. दरम्यान सहा शनिवार झाले.

फळ्यावर काढणे बंद केले. "गाय आधी कोणते पाय उचलते" हा प्रश्न विचारला आणि खरोखरच वर्गात भांडण लागले. सोमवारी चार मुले घरच्या गोठ्यात पाहून उत्तर घेऊन आली. त्या शनिवारी "काय काढू?" असे एकानेही विचारले नाही.

घरांमध्ये विचारल्यावर चौथीतल्या एका मुलाचे आजोबा हलगी घेऊन आले. कातडे सैल वाटले म्हणून त्यांनी मैदानात उसाचे पाचट पेटवून हलगी शेकली, बोटाने टिचकी मारून आवाज पाहिला, पुन्हा शेकली. मुले भोवती गोल बसून हे पाहत होती आणि एकही मूल बोलत नव्हते. मग त्यांनी आधी चालण्याचा ठेका वाजवला आणि मुलांना त्यावर मैदानाला फेरी मारायला लावली. त्यांचा नातू सगळ्यांच्या पुढे होता. खुर्ची दिली होती, पण ते तिच्यावर बसले नाहीत, उभे राहूनच वाजवतो म्हणाले.

प्रार्थना आता चौथीतली एक मुलगी पांढरी एकमधून सुरू करते. मोबाईलवर तानपुरा लावतो. ओरडणे पूर्ण थांबलेले नाही, कडव्याच्या शेवटी अजून होते. मिरजेला डिसेंबरात यायचे ठरवतो आहोत, जवारी काकांना वेगळा निरोप पाठवला आहे.

हळदीचे रंग केले. गाभण गाईच्या मुलीने यावेळी गाय आणि शेजारी व्यालेले वासरू काढले, वासरू साबणाच्या पाण्याने तांबडे केले. ते चित्र मी कौतुकाने खिडकीशेजारी लावले. आठ-दहा दिवसांत पिवळी गाय फिकी पडली आणि ती मुलगी मला म्हणाली, "गुरुजी, माझी गाय उडाली, वासरू एकटंच राहिलं." तिला दुसरा कागद दिला आहे, पण यावर उपाय आहे का?

पांडवगड

हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही, उपाय सावलीचाच आहे. नवे चित्र आतल्या भिंतीवर लावा. जुने फेकू नका. हळदीने नुसता रंगवलेला दुसरा एक कागद घेऊन त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि त्याच खिडकीत ठेवा. दर शनिवारी पुठ्ठा तिलाच उचलून पाहू द्या.

येरळाकाठ

पुठ्ठा आज लावला. तारीख तिनेच मागे लिहिली आहे.